भेगांवर काच लावणारे गड्डम सर

गड्डम सर गल्लीत शिरले की बायका दारं लावून घ्यायच्या. पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशात टॉर्च, बगलेत वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी, असा तो उंच, किंचित वाकलेला माणूस कोपऱ्यावर दिसला की ओट्यावर विड्या वळत बसलेल्या बायका मांडीवरची सुपं उचलून आत जात. बोलणी थांबत. एका म्हातारीला तर मी सर पुढे गेल्यावर उंबऱ्यावरून मीठमोहऱ्या ओवाळून टाकताना पाहिलंय.

आणि सर तिथं कशाला येत? तर त्यांच्या भिंती तपासायला. एक पैसा न घेता.

सत्यनारायण गड्डम हे आमच्या फर्मचे एक मालक. दुसऱ्या वैद्य मॅडम. सोलापुरातल्या बंगल्यांची, दवाखान्यांची, दुकानांची बरीच कामं आमच्याकडे असायची. मॅडम गिऱ्हाइकं सांभाळायच्या, सर नकाशे. दोघांनी फर्म काढली तेव्हाच सरांनी एक अट घातली होती म्हणे. रविवारी फर्म वस्तीची. ज्यांना आर्किटेक्ट कधीच परवडणार नाही, त्यांच्याकडे आपण जायचं. मॅडमनी ती अट मान्य केली आणि बरीच वर्षं निभावली. पुढं त्याच अटीपायी काय काय झालं ते सांगायचंच आहे.

मी मंगळवेढ्याची. कॉलेज संपवून पहिल्याच नोकरीसाठी त्यांच्यासमोर बसले होते. माझी चित्रं त्यांनी बाजूला ठेवली.

"गाव कुठलं?"

"मंगळवेढा."

"हं. तुमची माती ज्वारीला लई चांगली. घराला वाईट."

मग त्यांनी मला काळ्या मातीबद्दल सांगितलं. पावसात ती फुगते, उन्हाळ्यात आक्रसते आणि वरचं घर तिच्याबरोबर खालीवर होत राहतं, झोपलेल्या माणसाच्या पोटावर ठेवलेल्या वाटीसारखं. "आपल्याला वाटतं घर उभं आहे. ते उभं नसतं. ते तोल सांभाळत असतं," असं म्हणून ते उठले. नोकरी मिळाली की नाही, हे मला बाहेर येऊन मॅडमना विचारावं लागलं. त्यानंतर त्यांनी मला नावानं हाक मारली नाही. "मंगळवेढा, जरा इकडं ये." बस, एवढंच.

सर पूर्व भागात, मागांच्या खटखटीत वाढलेले. घरात तेलुगू, बाहेर मराठी. भिंतीपाशी उभे राहिले की मात्र नकळत तेलुगूत पुटपुटत, "चूद्दाम, चूद्दाम." म्हणजे बघू या, बघू या. डॉक्टर नाडी बघताना बोलत नाहीत तसे तेही मग बोलत नसत. बोटांची मागची बाजू भिंतीवरून फिरवत. तळव्याला काही कळत नाही, तळवा निबर असतो, असं त्यांचं म्हणणं.

काचेच्या इमारतींचा त्यांना मनापासून राग होता. जाड भिंत, विटांची जाळी, दारात लिंबाचं झाड आणि पायाखाली शहाबादी फरशी, एवढ्यावर सोलापूरचा उन्हाळा काढता येतो असं ते सांगत. एकदा साड्यांचे एक मोठे व्यापारी आले. त्यांना दुकानाचा पुढचा सगळा भाग काचेचा हवा होता, पुण्यात पाहिला होता तसा. सर म्हणाले, "चला, दाखवतो." एप्रिलची दुपार. त्यांनी शेटजींना अंगणात उन्हात उभ्या असलेल्या त्यांच्याच गाडीत बसवलं, काचा वर करायला लावल्या आणि स्वतः बाहेर उभे राहिले. शेटजी घामाघूम होऊन बाहेर आले तेव्हा सर शांतपणे म्हणाले, "हे तुमचं दुकान. यात तुमच्याकडे कामाला असलेल्या पोरी दिवसभर साड्या उलगडून दाखवणार." शेटजी तडक दुसऱ्याकडे गेले. मॅडमनी कपाळाला हात लावला.

कुंभारीला कामगारांच्या वसाहतीत त्यांनी अंगणवाडी बांधली, तेव्हाचं एक आठवतं. नकाशा तयार होता. सर जागेवर गेले, शर्टाची पर्वा न करता जमिनीवर मांडी घालून बसले आणि म्हणाले, "पोराला इथून काय दिसेल?" नकाशातल्या खिडक्यांतून बसलेल्या पोराला फक्त भिंत दिसली असती. त्यांनी सगळ्या खिडक्या खाली आणल्या. सेविकाबाई म्हणाल्या, "सर, पोरं खिडकीतनं बाहेर उड्या मारतील की."

"मारू द्या," सर म्हणाले. "बाहेर पडता आलं पाहिजे."

बाई हसल्या. सर हसले नव्हते.

लोक भेटल्यावर बरं आहे का विचारतात. सर विचारत, "दार लागतंय का नीट?" सुरुवातीला मला ती गंमत वाटायची. घर कलायला लागलं की आधी चौकट तिरकी होते, दार अडकायला लागतं, हे नंतर कळलं. माणसं म्हणतात पावसानं लाकूड फुगलं. सुताराला बोलावतात, रंधा मारून घेतात, आणि दार पुन्हा गुमान लागायला लागतं. "घर पडताना आवाज सगळ्यात शेवटी येतो," सर म्हणायचे. "त्याच्या आधी ते कितीतरी दिवस सांगत असतं."

आणि ते वर्तमानपत्रातलं गुंडाळं? त्यात काचेच्या पातळ पट्ट्या असत. काचवाल्याकडून कापून आणलेल्या, बोटाएवढ्या. भिंतीला भेग दिसली की सर तिच्यावर आडवी पट्टी ठेवून दोन्ही टोकं प्लास्टरनं चिकटवून टाकत. भेग जुनी, मेलेली असेल तर काच तशीच राहते. भिंत हलत असेल तर काच तडकते. इतकं साधं. यंत्रमागांच्या त्या वस्तीत घरोघरी देवाच्या तसबिरीशेजारी, कॅलेंडरखाली, कपाटाच्या वर या पट्ट्या चमकायच्या. पोरं येताजाता त्यांच्याकडे बघायची. बायका सकाळी उठल्यावर आधी तिकडे बघायच्या. घरात रोज बघावं लागेल असं काहीतरी हा माणूस ठेवून जायचा.

माझ्या पहिल्याच रविवारी आम्ही एका विणकराच्या घरी गेलो. पुढं माग, मागेच राहायची खोली. माग चालू झाला की भांडी मांडणीवर थरथरायची. मालक म्हणाला, दाराला परवाच रंधा मारून घेतलाय, आता एकदम झकास लागतं. सरांचा चेहरा बदलला. ते गल्लीकडच्या भिंतीपाशी गेले, बोटं फिरवली, टॉर्च लावली. भिंतीला काच लावलीच नाही त्यांनी.

"या भिंतीशी आजपासून कुणी झोपायचं नाही. सगळे मागच्या खोलीत. माग बंद."

"माग बंद केला तर खायचं काय सर?"

"मागच्या खोलीत," सर पुन्हा म्हणाले. "तुझी आई कुठं झोपते?"

आई त्याच भिंतीशी झोपायची. सरांनी स्वतः तिची गादी उचलून मागं नेली. म्हातारी शिव्या देत होती, तेलुगूत, आणि सर तिला "अम्मा, अम्मा" करत होते. माग बंद करायचं मात्र कुणी ऐकलं नाही. त्या पावसाळ्यात भिंत गल्लीत कोसळली. माणसं मागच्या खोलीत होती, कुणाला खरचटलंही नाही.

मला वाटलं, आता लोक सरांना डोक्यावर घेतील. पुढच्या रविवारी गेलो तर दारं बंद व्हायला लागली होती. नळावर एकीनं दुसरीला सांगितलेलं मी कानानं ऐकलं, "बघून गेले आणि पडली की." घर पडणार होतं म्हणून सर आले, असं कुणाला वाटेना. सर आले म्हणून घर पडलं.

सरांना हे ठाऊक होतं. एकदा परत येताना गाडीत मी विषय काढला, तर म्हणाले, "भितात ना? भिऊ दे. भीती वाटली की माणूस वर बघतो."

वस्तीत एकच जागा अशी होती जिथं सरांना बघून लोकांना आनंद व्हायचा. वस्तीचा हॉल. तो सरांचाच. वस्तीत विणकर, मुसलमान आणि बौद्ध अशी तिन्ही घरं शेजारी शेजारी, आणि लग्नाला, मयताला, अभ्यासाला कुणालाच जागा नाही. एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले वाघमारे काका कमिटीचे अध्यक्ष. त्यांनी सरांच्या मागं लागून तो करवून घेतला. लोकांनी श्रमदान केलं. विटांच्या जाळीची लांब भिंत, तिच्यातून गाळून येणारा उजेड, भर वैशाखात आत गेलं तरी गार. बाहेरगावची कॉलेजची मुलं तो बघायला यायची. दुपारी शकीलाआपा तिथं मुलींना शिवण शिकवायच्या, संध्याकाळी दहावीची पोरं अभ्यासाला. सर कधीमधी एकटेच जाऊन बसत. त्यांना कुठं पाय सैल सोडून बसलेलं मी फक्त तिथंच पाहिलं.

पाया खणताना एका कोपऱ्यात बुजवलेली जुनी विहीर लागली होती. राख, बांगड्यांचे तुकडे, खापरं निघत राहिली. जागा दुसरी नव्हती. सरांनी खोलवर जाऊन, वरून जाड तुळई टाकून तो कोपरा बांधून काढला. सगळं नियमानं होतं. बरीच वर्षं तो कोपरा हललाही नाही.

मग एका वर्षी पाऊस जास्त झाला, शेजारची जलवाहिनीही कितीतरी दिवस गळत राहिली. पावसाळा संपल्यावर सर आणि मी हॉलमध्ये गेलो. विहिरीच्या कोपऱ्यात केसाएवढी भेग होती. मलाही दिसली. सर बराच वेळ तिच्यासमोर उभे राहिले. "चूद्दाम" म्हणाले नाहीत. गुंडाळं सोडलं, काच लावली. प्लास्टर मी धरलं.

ती काच तडकली. दुसरी लावली, तीही तडकली. प्रत्येक वेळी सर ऑफिसात येऊन मॅडमच्या खोलीचं दार लावून घ्यायचे. मॅडमनी पुण्याहून स्ट्रक्चरल इंजिनिअर बोलावले. त्यांनी तपासून सांगितलं, लगेच धोका दिसत नाही, वापरायला हरकत नाही, पण कोपऱ्यावर लक्ष ठेवा आणि पाया मजबूत करून घ्या. वाघमारे काकांनी "हरकत नाही" एवढंच ऐकलं. पाया उघडायचा म्हणजे हॉल वर्षभर बंद, आणि त्यांच्या थोरल्या नातीचं लग्न तिथं ठरलेलं.

लग्नाच्या दिवशी सकाळी सर मला घेऊन हॉलवर गेले. मांडववाले फुलं लावत होते, मागं आचारी भात उपसत होते. सरांनी हॉलचं मोठं दार ओढलं. ते अर्ध्यात अडकलं.

"कधीपासून असं होतंय?"

मांडववाला म्हणाला, "कालपासनं. काका म्हणाले उद्या सुताराला बोलवू."

सर कोपऱ्याकडे गेले. काच दोन तुकडे होऊन फरशीवर पडली होती. ते तसेच वळले, बाहेर आले आणि दारात उभे राहिले. दोन्ही हात चौकटीला लावून. पाहुणे यायला लागले तशी गर्दी जमली. वाघमारे काका नवा सदरा घालून धावत आले.

"सर, काय चाललंय हे?"

"काका, आत कुणी जायचं नाही आज."

"अवो, पुण्याचा साहेब म्हणाला ना हरकत न्हाय म्हणून!"

"पुण्याच्या साहेबानं पावसाळ्याआधीचा हॉल कधी बघितलेलाच नाही. मी बांधलाय. मला कळतं."

"मग पडणार हाय का आज? सांगा की. आज पडणार हाय का?"

सर म्हणाले, "मला माहीत नाही."

"हो, पडणार" एवढं एकच खोटं ते बोलले असते तर पुढचं वेगळं झालं असतं. गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "मग सरका की बाजूला!" नवरीचा मामा पुढं आला, त्यानं सरांच्या दंडाला धरून ओढलं. सरांनी चौकट सोडली नाही. शर्टाची बाही फाटली. कुणीतरी म्हणालं, या माणसाची नजरच वाईट, लग्नाच्या दिवशी कशाला आला. शकीलाआपा मध्ये पडल्या, "अरे बुजुर्ग आदमी है, हात मत लगाओ." नवरी पांढऱ्या साडीत रिक्षातच बसून होती. तिच्या डोळ्यांतून काजळ गळत होतं.

शेवटी काकांनीच हार खाल्ली. लग्न रस्त्यावर लागलं, उन्हात, अर्ध्या मांडवाखाली. बुद्धवंदना चालू असताना शेजारून टेम्पो हॉर्न वाजवत गेले. सर सगळा वेळ दारात उभे होते. माझी नजर कोपऱ्याच्या भिंतीवरून हलत नव्हती. खरं सांगते, आता काहीतरी होऊ दे, असं माझ्या मनात येऊन गेलं. म्हणजे या माणसाचं तरी खरं होईल.

काही झालं नाही. त्या दिवशी नाही, नंतरही नाही.

हे सगळं शहरभर झालं. आपल्याच इमारतीवर ज्याचा भरवसा नाही त्याच्याकडून बंगला कोण बांधून घेणार? दोन मोठी कामं हातची गेली. मॅडम एक दिवस सरांच्या टेबलापाशी उभ्या राहून, अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "सत्या, रविवार बंद करू या." इतकी वर्षं अट पाळलेली बाई. सर म्हणाले, "रविवार नको बंद करू. मी बंद होतो." महिन्याभरात त्यांनी फर्म सोडली. मॅडम अडवायला गेल्या नाहीत आणि नंतर त्याबद्दल कधी बोलल्याही नाहीत. रविवार मात्र त्यांनी चालू ठेवला. आता मी जाते. दारं उघडी असतात.

कमिटीनं कोपऱ्यातली भेग पुट्टीनं भरून घेतली, वरून फिका गुलाबी रंग दिला. दाराला रंधा मारला. फक्त शकीलाआपांनी काही न बोलता शिवणाची मशीनं स्वतःच्या व्हरांड्यात हलवली. मी कारण विचारलं तर म्हणाल्या, "वैसा कुछ नहीं बेटा. घर से नजदीक पडता." दाटीवाटीनं मुली बसायच्या तिथं, उन्हाची तिरीप तोंडावर घेत.

गेल्या हिवाळ्यात सर झोपेतच गेले. हॉल उभा आहे. लग्नसराईत तिथं तारीख मिळत नाही.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्याच्या आधीच्या उन्हाळ्यात, त्याच हॉलबाहेर. वाघमारे काकांच्या धाकट्या नातीचं लग्न होतं. या वेळी आतच, असं काकांनी ठणकावून सांगितलं होतं. मला आग्रहाचं आमंत्रण होतं. माझ्या चार वर्षांच्या लेकीला घेऊन मी दुपारी पोचले. आत विहिरीच्या कोपऱ्यात आता कायमचं स्टेज केलं होतं. गच्चीवर त्याच कोपऱ्यावर पाण्याची नवी काळी टाकी बसवली होती. पाणी रोज येत नाही, साठवावं तर लागतंच. मंगलमैत्री झाली, फुलं पडली, पंगती बसल्या. मी जेवून हात धुवायला बाहेर आले तर रस्त्यापलीकडे, पंक्चरवाल्याच्या पत्र्याखाली प्लास्टिकच्या खुर्चीवर सर बसलेले.

फार वाळले होते. मला वाटलं ओळखणार नाहीत.

"मंगळवेढा," ते म्हणाले. "जेवलीस?"

"जेवले. सर, तुम्ही इथं का? काका आतच आहेत. चला ना, मी आहे बरोबर."

"मला आमंत्रण नाही."

"मग..."

"लग्न असलं की येऊन बसतो. सगळे बाहेर पडले की जातो."

पंक्चरवाला मान खाली घालून ट्यूब घासत होता. त्याला सवय असावी. तुम्ही काही खाल्लंय का, असं काहीतरी मी विचारलं. सरांनी ऐकलंच नाही.

"तुला मुलगी आहे ना? कुठं आहे ती?"

"आत. स्टेजपाशी खेळतेय पोरांबरोबर."

त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही. समोरच्या भिंतीकडे बघत राहिले, बस.

मी स्वतःला सांगितलं, तो हॉल इतकी वर्षं उभा आहे, पुण्याच्या इंजिनिअरनं बघितलाय, आणि मीही आर्किटेक्ट आहे. हे सांगता सांगताच मी रस्ता ओलांडत होते. दारात चपलांचा ढीग होता, त्यावरून धडपडत आत गेले. लेक स्टेजच्या पायरीवर बसून फुलांच्या पाकळ्या वेचत होती. तिला उचललं तशी ती रडायला लागली. बायका विचारायला लागल्या, काय झालं, काय झालं. मी म्हटलं, काही नाही, उकडतंय तिला.

बाहेर आणून तिला सरांसमोर उभं केलं. ते खुर्चीतून उठले, खुर्ची रुमालानं पुसली आणि तिला म्हणाले, "बस अम्मा. इथं बस." ती बसली. हातातल्या पाकळ्या मांडीवर मांडायला लागली.

आतून माईकवर काकांचा आवाज आला. खूश होते. "समद्यांनी स्टेजवर या! दोन्हीकडची मंडळी, पोरंबाळं, कुणी ऱ्हायचं न्हाय! समद्यांचा एकच फोटो काडायचाय!" पंगतीतून लोक उठायला लागले. बाहेर सावलीत उभे असलेले पदर सावरत, पोरांना पुढं ढकलत आत शिरले. रस्ता बघता बघता मोकळा झाला.

सर पत्र्याखालून पुढं आले आणि भर उन्हात, रस्त्याच्या मधोमध उभे राहिले, हॉलकडे तोंड आणि आमच्याकडे पाठ करून. बाजूनं येणाऱ्या एका टेम्पोनं हॉर्न दिला, तरी ते हलले नाहीत.